सेव्ह न केलेला मॅप

भोरच्या एसटी स्टँडमागे बाप-लेकाचं एक गॅरेज होतं. काम मुख्यतः प्रवासी जीपचं: क्लच प्लेट, स्प्रिंगचे पाटे, ब्रेक लायनर. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाला भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या बातम्या पाठवत असे. फॅक्सचं दुकान गॅरेजला लागून होतं आणि दुपारी लाइन मिळायला वेळ लागे. तो वेळ मी गॅरेजच्या बाकावर काढत असे. या हकिगतीतलं बरंचसं मी स्वतः पाहिलं. जे पाहिलं नाही ते नंतर ज्याला त्याला विचारून घेतलं.

वडील पूर्वी भोरहून वरंध घाटानं महाडला पेट्रोलची जीप चालवत. पाठ गेली तेव्हा त्यांनी गॅरेज टाकलं. त्यांना सगळा स्टँड चाचा म्हणे. मुलगा पस्तिशीचा होता, दोन मुलींचा बाप. तो काही वर्षं पुण्यात, शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका गॅरेजमध्ये होता. वडिलांना वाकून काम होईना तेव्हा परत आला. जीपचं काम तो नीट करायचा, पण त्याविषयी बोलायचा नाही. बोलायचा ते गॅरेजच्या आतल्या अंगाला ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीविषयी.

ती गाडी पुण्याच्या एका कारखानदाराची होती. पेट्रोलवरची, जुनी, जपानी इंजिनाची. तिला जोर वाढवायला टर्बो बसवलेला होता आणि कंपनीचा कम्प्युटर काढून बाहेरून मागवलेला कम्प्युटर लावलेला होता. डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे काळ्या रंगाचा एक डबा, त्यातून इंजिनाकडे गेलेली वायरींची वेणी. मालकाला डोंगरातल्या चढाच्या शर्यतींचा नाद होता. मुलगा पुण्यात असताना त्याची गाडी बघायचा, म्हणून तो गाडी भोरला पाठवत असे.

त्या डब्यात दोन मॅप होते. मॅप म्हणजे आकड्यांचा तक्ता. इंजिन किती वेगानं फिरतंय आणि त्याच्यावर भार किती आहे, त्यानुसार किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे त्यात ठरलेलं असे. डॅशबोर्डवर एक बटण होतं. ते एकवर असलं की गाडी साध्या गाडीसारखी चाले. दोनवर टाकलं की टर्बोचा पूर्ण जोर मिळे. डब्याला वायर लावून लॅपटॉपवरून हे आकडे बदलता येत आणि बदललेला आकडा चालत्या इंजिनाला त्याच क्षणी लागू होई. पण तो तात्पुरता असे. कायम ठेवायचा तर सेव्ह करावं लागे आणि सेव्ह करताना इंजिन थांबवावं लागे. सेव्ह न करता किल्ली मागे फिरवली, तर डबा नवे आकडे टाकून देई आणि जुने घेऊन बसे.

जीपचे ड्रायव्हर चेष्टा करत. "काय मास्तर, आज कितवीचा धडा दिला गाडीला?"

"तुज्या जीपला अजून बालवाडीत घेत न्हाईत," मुलगा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणे.

दोन नंबरचा मॅप परदेशी शर्यतीच्या पेट्रोलवर बेतलेला होता. ते पेट्रोल कॅनमधून येई. एका हिवाळ्यात ते येणं थांबलं. साध्या पंपावरच्या पेट्रोलवर तोच मॅप चालवणं म्हणजे इंजिन मारणं होतं. ठिणगी लवकर पडते, पेट्रोल वेळेआधी पेटतं, पिस्टनवर घणाचे घाव बसतात. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. तेव्हा मालकानं मुलाला सांगितलं की पंपावरच्या पेट्रोलवर चालेल असा दोन नंबर तयार कर. त्याच बोलण्यात त्यानं वरव्याजवळच्या जागेचाही विषय काढला. हायवे चारपदरी होत होता आणि मालकाची वरवे बुद्रुकला रस्त्यालगत जागा पडून होती. तिथं शेड टाकायची, पुण्या-मुंबईच्या अशा गाड्यांचं काम घ्यायचं आणि ते सगळं यानं बघायचं. पैसा मालकाचा आणि त्याच्या पार्टनरचा. पार्टनरला पटत नव्हतं.

"त्याला एकदा गाडीत बसवून चढ दाखवू," मालक म्हणाला. "पंपाच्या पेट्रोलवर. मग तो नाही म्हणणार नाही."

त्यानंतर बाकावर मुलगा माझ्याशी वरव्याच्या शेडविषयी बोलत असे. फरशी कुठली, गाडीखाली उतरायचा खड्डा कुठं, कम्प्युटरची खोली धूळ लागू नये म्हणून मागच्या बाजूला. जीपचं काम वडील एका माणसाला हाताशी घेऊन करतील, असं त्यानं ठरवलं होतं. वडिलांना हे माहीत होतं. ते एकदा मला म्हणाले, "जाऊ दे त्याला. हितं त्याचं हात चालत्यात, डोकं न्हाई."

मूळ मॅप बंगळूरच्या एका ट्यूनरनं केला होता. बदललेला तक्ता आणि गाडी चालवतानाची नोंद त्याला ई-मेलनं पाठवायची, तो बघणार, होकार देणार, मग सेव्ह करायचं, अशी त्याची अट होती. मागे एकदा उत्साहात चुकीची फाइल सेव्ह होऊन गाडी टेम्पोत घालून आणावी लागली होती. तेव्हापासून मुलगा ती अट मोडत नसे.

ठरलेल्या रविवारी सकाळी आम्ही वेल्ह्याच्या पुढे पासलीकडे गेलो. त्या रस्त्याला चढ होते आणि वाहनं नव्हती. भात निघून गेलं होतं, खाचरं मोकळी होती. गाडी वडील चालवणार होते, कारण मुलाचे दोन्ही हात लॅपटॉपवर हवे होते. मी माझ्या मोटारसायकलवर मागे होतो. माझं काम एवढंच की पुढच्या वळणावर उभं राहायचं आणि वरून एखादी जीप येत असली तर हात करायचा.

वडील गाडी खालून वर नेत. मुलगा नॉकिंग ऐकू यावं म्हणून इंजिनाला जोडलेली रबराची नळी कानाशी धरून पडद्याकडे बघे, एखादा आकडा कमी करी, एखादा वाढवी. मग गाडी वळवून खाली आणायची आणि पुन्हा वर. शेळ्या घेऊन एक म्हातारा बांधावर बसला होता. बऱ्याच खेपा बघून झाल्यावर तो रस्त्यावर आला.

"काय हारवलंय का तुमचं?"

"व्हय बाबा. गाडीचा जोर हारवलाय," मुलगा म्हणाला.

"मग वर काय शोधताय? जोर उतारालाच घावतू."

वडील हसले. "ऐक. मी म्हनत हुतो तेच म्हनत्यात."

दुपारपर्यंत नॉकिंग गेलं. शेवटच्या खेपेला वडिलांनी बटण दोनवर टाकून गाडी चढाला घातली आणि ती इंजिनाच्या एका सलग आवाजात वर गेली. मुलानं नळी खाली ठेवली. तो म्हणाला, "झालं."

पासलीत मोबाईलला रेंज नव्हती. ई-मेल करायचं तर नसरापूरचा सायबर कॅफे. इकडे मालक आणि पार्टनर दुपारी पानशेतला, मालकाच्या बंगल्यावर येणार होते आणि संध्याकाळी पुण्याला परतणार होते. म्हणून विभागणी झाली. मुलानं माझी मोटारसायकल घ्यायची, लॅपटॉप पाठीला लावून नसरापूरला जायचं, होकार मिळाला की पानशेतला येऊन सेव्ह करायचं. गाडी वडिलांनी पाबे घाटानं पानशेतला न्यायची आणि मी त्यांच्याबरोबर जायचं. लॅपटॉप गाडीपाशी नसणार आणि पाहुणे आधी पोचले तर गाडी दाखवण्याजोगी असावी, म्हणून तात्पुरता मॅप डब्यात टिकायला हवा होता.

"अब्बा, गाडी बंद करू नका," तो म्हणाला. "पोचल्यावरबी न्हाई. मी येईस्तवर चालूच ठेवा."

"च्यालाबी उतरू नगं?"

"च्या पत्रकारास्नी पिऊ द्या. आन् बटन एकवरच राहू द्या."

"एकवरच," वडील म्हणाले.

वेल्ह्यातून आम्ही पाबे घाट चढलो. गाडी एक नंबरवर शांत चालत होती. माथ्यावर आल्यावर पलीकडचा उतार दिसला. वडिलांनी क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला आणला आणि डाव्या बाजूच्या दरीकडे बघत किल्ली एक घर मागे फिरवली. इंजिन थांबलं. मग किल्ली पुन्हा पुढे केली, म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहतं, आणि गाडी उतारावर सोडली.

आमच्या भागातल्या घाटात पेट्रोलची जीप चालवलेला प्रत्येक माणूस असंच करी. चढाला जे जळालं ते उताराला भरून काढायचं. इंजिन चालू ठेवून घाट उतरणाऱ्याला नवशिका समजत. ब्रेक जड होतो, म्हणून पाय आधीपासून ठेवतात. खाली आलं की गिअर टाकून क्लच सोडायचा, गाडी आपोआप सुरू होते. वडिलांनी वरंध घाट असा किती वेळा उतरला असेल याची मोजदाद त्यांच्याकडेही नव्हती. त्यांच्या हाताला हे करताना त्यांना विचारावं लागत नव्हतं.

आवाज थांबला तेव्हा मी विचारलं, "चाचा, बंद नाही ना करायची?"

"बंद कुठं केली? चालतीया की," ते म्हणाले. रस्त्यावरून नजर न काढता. "खाली गेल्यावर लागतंय इंजिन."

मला गाड्यांतलं कळत नव्हतं आणि ते आयुष्यभर गाड्या चालवत आले होते. मी पुढे विचारलं नाही. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी क्लच सोडला, इंजिन एका हिसक्यात लागलं आणि पुढचा रस्ता ते पहिल्यासारखंच शांत चाललं. एक नंबर जुना असला काय आणि नवा असला काय, त्यात फरक नव्हता. बदललेला होता तो दोन नंबर.

मी पानशेतच्या अलीकडे उतरलो. धरणाच्या कार्यालयात रविवारीही माणूस असे, त्याच्याकडून पाण्याच्या आवर्तनाची माहिती घ्यायची होती. वडील बंगल्यावर गेले आणि सांगितल्याप्रमाणे चालू गाडीत बसून राहिले. त्यानंतरचं मला बंगल्याची देखभाल करणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्या चहाचा कप घेऊन गाडीच्या खिडकीशी उभ्या होत्या.

मालक आणि पार्टनर जेवून बाहेर आले होते. पार्टनरला लवकर निघायचं होतं. तेवढ्यात नसरापूरहून मुलाचा फोन आला. ट्यूनरचा होकार आला होता, तो निघत होता. मालकानं विचारलं, गाडी आत्ता चालवली तर चालेल का.

मुलगा फोनवर काय म्हणाला ते मला नंतर त्यानंच सांगितलं. तो म्हणाला, मी येईपर्यंत थांबा. मालक म्हणाला, पार्टनर निघालाय. मग तो म्हणाला, मधे गाडी बंद झाली नसेल तर हरकत नाही, अब्बांना विचारा.

मालकानं फोन कानाशी तसाच ठेवून विचारलं, "चाचा, पासलीपासून गाडी कुठं बंद केली नाही ना?"

"न्हाई साहेब. च्याबी हितंच पेतोय," वडील म्हणाले आणि खिडकीतून कप दाखवला. बाई म्हणाल्या, सगळे हसले.

मालकानं गाडी घेतली. शेजारी पार्टनर. बंगल्यामागून डोंगरात एक रस्ता जातो, नव्या प्लॉटसाठी केलेला, चांगला चढाचा. पहिल्या वळणानंतर मालकानं बटण दोनवर टाकलं.

मी कार्यालयातून निघून बंगल्याकडे चालत येत होतो तेव्हा वर डोंगरात आवाज ऐकू आला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. थोडाच वेळ. मग निळसर धूर दिसला आणि आवाज थांबला.

मुलगा मोटारसायकलवर पोचला तेव्हा गाडी चढाच्या मध्यावर, मागच्या चाकांना दगड लावून उभी होती. खाली तेल गळत होतं. तो सरळ गाडीत शिरला. डाव्या सीटवर बसला, वायर जोडली, किल्ली पुढे केली आणि डब्यातला तक्ता पडद्यावर घेतला. त्यात कॅनच्या पेट्रोलचे आकडे होते. त्यानं वर खाली करून सगळा तक्ता पाहिला. मग वडिलांकडे पाहिलं. ते चढ चढून आल्यामुळे पाठीला हात लावून उभे होते.

तो हळू आवाजात म्हणाला, "अब्बा, पाब्याच्या उताराला किल्ली फिरवली?"

वडिलांनी विचार केला. ते खरोखरच आठवून बघत होते. "फिरवली आसंल," ते म्हणाले. "ध्यानात न्हाई."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "फिरवली."

मालक जवळ आला. "काय झालंय?"

"पिस्टन गेलाय साहेब."

"ते कळलं. का गेला?"

वडील पुढे होऊन काही सांगणार होते. मुलगा त्यांच्या आधी बोलला. "मॅप सेव्ह केल्याबगर गाडी पाठवली. माझं चुकलं."

हे खोटं नव्हतं. मालकानं ते ऐकून घेतलं आणि आवाज चढवला नाही. पार्टनर घड्याळ बघत म्हणाला, "अरे, ज्या गाडीला कम्प्युटरवाला बरोबर घेऊन फिरावं लागतं, तिच्यासाठी आपण शेड टाकणार होतो?"

"बघू," मालक म्हणाला. तो पार्टनरशी बोलत होता की मुलाशी, हे स्पष्ट नव्हतं. दोघे दुसऱ्या गाडीनं पुण्याला गेले.

गाडी दुसऱ्या दिवशी दोर बांधून भोरला आणली. इंजिनाचं हेड उघडलं. एका पिस्टनच्या माथ्याला बोट जाईल एवढं भोक होतं आणि शेजारच्याची कडा वितळून सिलिंडरला चिकटली होती. ब्लॉकही गेला होता. ट्यूनरचा आणखी एक मेल आला होता: आकडे चांगले उतरलेत, पुढच्या वेळी टर्बोचा दाब थोडा वाढवून बघ. मुलानं त्याला काय झालं ते कळवलं. 

मालकाचा निरोप यायला बरेच दिवस लागले. जुन्या बाजारातून दुसरं इंजिन पाठवतो, ते घाल. टर्बो आणि बाहेरचा कम्प्युटर काढ, कंपनीचा परत बसव. गाडी विकायची आहे. वरव्याचा उल्लेख त्यात नव्हता आणि मुलानंही विचारलं नाही. पुढे एकदा पुण्याला जाताना मी पाहिलं तर त्या जागेवर टायरचं दुकान झालं होतं.

मधल्या काळात वडिलांना आपल्यामुळे काय गेलं ते कळलं होतं. मुलानं सांगितलं नव्हतं. एका ड्रायव्हरनं सांगितलं. मी बाकावर होतो.

"चाचा, तुमी पाब्याला गाडी सोडली म्हनून पोराचं हायवेचं काम गेलं म्हनत्यात."

"कोन म्हनतंय?"

"स्टँडवर म्हनत्यात."

वडिलांनी ब्रेक लायनरचा हातातला रिव्हेट ठोकला. मग म्हणाले, "म्हनत आसतील तर खरं आसंल." त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत. मुलगा डबा घेऊन आला. डबा त्यांच्यापुढे ठेवताना तो म्हणाला, "अब्बा, त्यो पार्टनर न्हाईच म्हननार हुता. गाडी चढली आस्ती तरी."

"आसंल," वडील म्हणाले. त्यांना ते खरं वाटलं नाही हे दिसत होतं, आणि मुलालाही ते दिसलं असावं. पुन्हा तो विषय माझ्यासमोर निघाला नाही.

काळा डबा काढायचं काम मुलानं एका दुपारी केलं. इंजिन बदलून झालं होतं. वायरींची वेणी कापली असती तर अर्ध्या तासात झालं असतं. पण त्यानं एकेक जोड सोडवला, प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवून वर पेननं लिहिलं. कप्प्याच्या आत अंधार होता. वडील गाडीच्या दारात उकिडवे बसून आत दिवा धरून होते. वाकल्यानं पाठ दुखत असणार, पण त्यांनी दिवा दुसऱ्याच्या हातात दिला नाही.

"हे कुनी घेनार हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. मालक म्हनले राहू दे तुज्याकडं."

"मग लिहितुस कशाला?"

"पुन्यांदा लावायचं झालं तर कळावं."

 वडिलांनी दिवा थोडा आत सरकवला. मुलानं शेवटचा जोड सोडवला, डबा बाहेर काढला आणि कंपनीचा कम्प्युटर त्याच्या जागी बसवला. एका चावीत गाडी सुरू झाली. तिचा आवाज तशाच कुठल्याही जुन्या गाडीसारखा होता. त्यानं बॉनेट लावलं, मालकाच्या ड्रायव्हरला फोन केला आणि गाडी उद्या न्यायला सांगितली. हात पुसून तो बाहेर आला. गॅरेजच्या दारात क्लच प्लेट बदलायला आलेली एक जीप केव्हाची उभी होती. जीपवाला म्हणाला, "आता तरी घे बाबा आत."

"घेतो. तू स्टेरिंग धर," तो म्हणाला आणि जीपला मागून जोर लावायला गेला.